ताप आला की काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि कधी धावायचं

घरात कुणाला ताप आला की पहिला प्रश्न येतो "किती आहे?" आणि लगेच दुसरा, "कुठली गोळी देऊ?" मला विचाराल तर पहिला प्रश्न "आज कितवा दिवस?" हा असायला हवा. १०३ ताप असलेलं पण पाणी पिणारं, मधूनच हसणारं पोर बऱ्याचदा साधं व्हायरल निघतं, आणि १००.५ वर असलेले पण सकाळपासून गप्प पडून राहिलेले आजोबा त्याच संध्याकाळी ॲडमिट करावे लागतात. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. ताप कितव्या दिवसाचा आहे, दिवसातून कधी चढतो, पूर्ण उतरतो का, आणि उतरल्यावर माणूस कसा दिसतो, एवढं घरच्यांना नीट सांगता आलं तर डॉक्टरचं निम्मं काम झालेलं असतं. मी जनरल प्रॅक्टिस करते, पावसाळ्यात ओपीडी तापाच्याच पेशंटने भरलेली असते, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

ताप येतो म्हणजे अंगात काय होतं

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, शरीराचं तापमान किती ठेवायचं ते तो ठरवतो. जंतू शरीरात शिरले की आपल्या संरक्षक पेशी काही रसायनं सोडतात, त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि मग हायपोथॅलॅमस ठरवतो की आता ९८.६ नाही, १०२ ठेवायचं. झालं, त्या क्षणी शरीराला ९८.६ म्हणजे थंडी वाटायला लागते, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजतात, कारण स्नायू थरथरवून उष्णता तयार करायचं काम चालू असतं. १०२ ला पोचलं की थंडी थांबते, अंग तापतं, डोळे चुरचुरतात. आणि ठरलेला आकडा परत खाली आला की दरदरून घाम सुटतो. पॅरासिटामॉल एवढंच करतं की हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, जंतू मारत नाही. म्हणजे गोळी घेतली, ताप उतरला आणि पाच तासांनी परत चढला तर गोळी "लागू पडली नाही" असं नसतं, आजार अजून चालू आहे एवढाच त्याचा अर्थ.

उष्माघात हे वेगळं प्रकरण आहे. विदर्भात मे महिन्यात उन्हात राबणाऱ्या माणसाचं अंग १०४ च्या वर जातं तेव्हा मेंदूने आकडा वाढवलेला नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. तिथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. माणूस असंबद्ध बडबडतोय, त्वचा तापलीये, तोल जातोय, अशा वेळी सावलीत आणून कपडे सैल करून अंगावर पाणी मारायचं, पंखा लावायचा, काखेत आणि मानेला बर्फ ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

ताप नेहमी जंतूंमुळेच येतो असंही नाही. लस घेतल्यावर येतो, काही औषधांनी येतो, ल्युपससारख्या, शरीराची संरक्षक यंत्रणाच शरीरावर उलटते अशा आजारात येतो, काही कॅन्सरमध्ये येतो. पण आपल्याकडे अचानक आलेल्या तापात पहिला संशय इन्फेक्शनचाच धरायचा.

आधी नीट मोजा

हात लावून ताप सांगू नका, आपला हात गार असला की समोरचं कपाळ गरमच लागतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काख कोरडी पुसायची, टोक काखेच्या खोल भागात ठेवायचं, दंड छातीला घट्ट दाबून धरायचा आणि बीप वाजेपर्यंत हलायचं नाही. अंघोळ झाल्या झाल्या, पट्ट्या ठेवल्यावर लगेच किंवा पांघरुणातून नुकतंच बाहेर आल्यावर मोजू नका, वीसेक मिनिटं जाऊ द्या. तोंडात धरणार असाल तर गरम चहानंतरही तेवढंच थांबा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री कमी येतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या कपाळावरच्या गनवर फार विसंबू नका, आकडा पटला नाही तर काखेत मोजून खात्री करा.

१००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, याच्या वर गेला की ताप म्हणायचं. आपलं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास जास्त, त्यामुळे दिवसभर दमल्यावर ९९ दिसलं तर घाबरू नका.

"डॉक्टर, आतला ताप आहे, थर्मामीटरमध्ये दिसत नाही" हे तर मी रोज ऐकते. अंग मोडून येतं, तोंड कडू असतं, तळहात गरम वाटतात, हे सगळं त्या माणसाला खरंच होत असतं, त्यात खोटं काही नाही. पण त्यामागे ॲनिमिया असू शकतो, थायरॉइड, अपुरी झोप, टेन्शन असू शकतं. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. ताप निघाला तर तापाचा शोध घेऊ, नाही निघाला तर थकव्याचा शोध घेऊ, पण "आतला ताप" म्हणून अँटिबायोटिक किंवा सलाइन घेऊ नका.

मग लिहून ठेवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही. पोरांच्या वहीचं एक पान पुरतं. समजा असं लिहिलंत:

मंगळवार, दिवस दुसरा. सकाळी ७ – ९९.८. दुपारी १ – हुडहुडी, १०३.२, पॅरासिटामॉल ६५० ची एक. दुपारी ३ – घाम, १००. लघवी सकाळपासून दोनदा, गडद पिवळी. अर्धी वाटी पेज, एक उलटी.

एवढ्या चार ओळींवरून मला कळतं की ताप थंडी वाजून येतोय, गोळीने उतरतोय पण पूर्ण नॉर्मलला जात नाहीये, आणि पाणी कमी पडतंय. नाहीतर संवाद असा होतो: "कधीपासून आहे?" "चार-पाच दिवस झाले असतील." "किती होता?" "खूप होता." डेंग्यूमध्ये तिसरा दिवस आणि पाचवा दिवस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तिथे "चार-पाच" चालत नाही. मोजायचं नेहमी गोळी देण्याच्या आधी, आणि दिवस मोजायचे पहिल्यांदा कणकण वाटली तेव्हापासून.

तापाच्या चाली

जुन्या डॉक्टरांनी नुसत्या तक्त्यावरून निदानं केलीत, आता तेवढं शक्य नाही, कारण घरोघरी दर सहा तासांनी गोळी पोटात जाते आणि मूळ चाल मोडते. तरी चाल ओळखता आली तर पुढची तपासणी कुठली ते कळतं.

पहिला प्रकार म्हणजे दिवसभर चढलेलाच राहणारा ताप. वरखाली होतो पण एक डिग्री सेल्सिअसच्या आतच, आणि नॉर्मलला काही येत नाही. न्यूमोनियात असा बघायला मिळतो, टायफॉईडच्या दुसऱ्या आठवड्यातही. टायफॉईड, ज्याला घरची जुनी माणसं मुदतीचा ताप म्हणतात, त्याचा पहिला आठवडा जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो, आज संध्याकाळी १००, उद्या १०१, परवा १०२, सोबत डोकं दुखतं, जीभ पांढुरकी होते, भूक मेलेली असते, पोट बिघडतं किंवा उलट साफच होत नाही. दुसरा प्रकार, एक डिग्रीपेक्षा जास्त वरखाली होणारा पण तरीही नॉर्मलला न टेकणारा. हा इतक्या आजारांत दिसतो की त्यावरून फार काही ठरवता येत नाही.

तिसरा, चढून पूर्ण उतरणारा. सकाळी माणूस ठणठणीत, ऑफिसला जाऊन येतो आणि दुपारी हुडहुडी भरून १०४. इथे मलेरिया डोक्यात यायलाच हवा. मलेरियाचे परजीवी तांबड्या पेशींत वाढतात आणि एकदम त्या पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा थंडी वाजते, मग ताप, मग घाम. व्हायवॅक्स या जातीच्या मलेरियाचं हे चक्र ४८ तासांचं, म्हणून ताप एकाआड एक दिवस येतो असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात सुरुवातीचे काही दिवस तो रोजच येऊ शकतो, आणि फाल्सिपेरम ही मलेरियाची दुसरी जात तर वेळापत्रक पाळतच नाही. गडचिरोलीच्या जंगलभागात हाच फाल्सिपेरम जास्त त्रास देतो, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, तिथला ताप एक दिवसही अंगावर काढू नये, गावातल्या आशाताईंकडून लगेच रक्त तपासून घ्यावं. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये आणि अंगात कुठे पू झाला असेल तरी अशीच थंडी वाजून ताप येतो, त्यामुळे मलेरिया निगेटिव्ह आला तर लघवीची तपासणी विसरू नका, विशेषतः बायकांमध्ये आणि डायबेटिस असेल तर.

डेंग्यूचा ताप पहिल्या दिवसापासूनच जोरात, १०३-१०४, डोळ्यांच्या मागे दुखतं, कंबर आणि पाय ठणकतात. कधीकधी तो दोन-तीन दिवसांनी उतरतो आणि एखाद्या दिवसाने परत चढतो. चिकुनगुन्यात सांधे असे धरतात की सकाळी कप उचलता येत नाही.

आणि एक ताप असतो तो दिसतच नाही म्हणा ना. रोज संध्याकाळी ९९.५-१०० ची बारीक कसर, रात्री उशी ओली होईल इतका घाम, वजन उतरतंय, दोन आठवडे खोकला. याची थुंकी तपासायलाच हवी, टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. हा ताप १०३ ला जात नाही म्हणून लोक महिनोन्महिने अंगावर काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तीन आठवड्यांवर चाललेला, १०१ च्या वर जाणारा आणि नेहमीच्या तपासण्यांत न सापडणारा ताप मोठ्या हॉस्पिटलचं काम आहे, तिथे टीबी, लपलेले गळू, सांध्यांचे आजार, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) असं सगळं क्रमाने शोधावं लागतं.

ताप येण्याआधी कुठे होतात, काय केलंत

हे न विचारता सांगत जा. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, किती पेशंट आले ते त्या काळात काम केलेला कुठलाही डॉक्टर सांगेल. उंदरांच्या लघवीतले जंतू तुंबलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या छोट्याशा जखमेतून, भेगेतून आत शिरतात. पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल होतात, पुढे कावीळ आणि लघवी कमी होणं. कोकणात भातलावणीच्या दिवसांतही हे होतं. म्हणजे "गेल्या आठवड्यात गुडघाभर पाण्यातून चालत आलो" हे वाक्य डॉक्टरला माहिती हवं. पाण्यातून चालून आलात आणि पायाला जखम असेल तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरला विचारा, आधीच द्यायची गोळी असते.

शेतात, गवतात काम करणाऱ्यांना स्क्रब टायफस होतो. नागपूर आणि आसपास २०१८ मध्ये त्याचे बरेच पेशंट सापडले होते. गवतातल्या अगदी बारीक किड्याची अळी चावते आणि चावल्या जागी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही, आणि ती असते काखेत, जांघेत, कमरेला नाडी बांधतो तिथे, बायकांमध्ये स्तनांच्या खाली. ताप पाचव्या दिवशीही हटत नसेल आणि शेतात जाणं-येणं असेल तर घरच्या कुणाला तरी अंग नीट बघायला सांगा. खपली सापडली तर निदान जवळपास झालंच, डॉक्सिसायक्लिनने एक-दोन दिवसांत फरक पडतो. तेच उशीर झाला तर फुप्फुसं आणि किडनी धरतात.

सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आणि गोव्यात सत्तरीत काजूच्या हंगामात माकडताप असतो. गोचीड चावून होतो, आजूबाजूला माकडं मेलेली सापडली असतील तर ती माहिती ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायची आणि त्या माकडाला हात लावायचा नाही.

घरी काय करायचं

थंडी वाजत असताना पांघरूण द्या, थंडी थांबली की काढून टाका, गोधडीत गुंडाळून "घाम काढायची" गरज नाही. कपाळावर पट्ट्या ठेवायच्या तर साध्या पाण्याच्या, बर्फाच्या नकोत, गार पाण्याने परत हुडहुडी भरते. स्पिरिट किंवा कोलन वॉटर लहान मुलांच्या अंगाला चोळू नका.

पाणी हे खरं औषध आहे. तापात घामावाटे, श्वासावाटे पाणी जात राहतं आणि माणूस प्यायला नको म्हणतो. पेज, ताक, वरणाचं पाणी, नारळपाणी, लिंबू सरबत, ओआरएस, जे जाईल ते, थोडं थोडं, दर अर्ध्या तासाने. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासभर पाण्यात अंदाजाने नाही. सहा तासांत लघवी झाली नाही तर ते पुरेसं नाहीये. जेवणात मऊ भात, मेतकूट, थोडं तूप चालतं. तापात भात नको, दही नको, अंघोळ नको असलं काही पाळायचं कारण नाही.

गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, आणि तीही आकडा खाली आणायला नाही तर माणसाला बरं वाटायला. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक, दोन डोसमध्ये निदान सहा तास, दिवसात चारच्या वर नको. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही एकाच औषधाची नावं आहेत आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे "एक डोलो आणि एक सर्दीची" म्हणजे दुप्पट डोस होतो. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. पावसाळ्यातल्या तापात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन अजिबात नको, कारण डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अंगदुखीवर मेडिकलमधून मिळणाऱ्या पुडीत बहुतेक हेच असतं. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरला फोन करा. नायमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे.

लहान मुलांच्या सिरपमध्ये गफलत फार होते, म्हणून जरा नीट वाचा. डोस वजनावर असतो, किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ६ मिली, ५ मिलीत २५० असलेलं असेल तर ३ मिली, आणि ड्रॉप्स असतील, ज्यात १ मिलीत १०० असतं, तर फक्त दीड मिली. बाटल्या दिसायला सारख्या, चवही सारखी. मोठ्याची बाटली धाकट्याला वापरताना लेबल वाचल्याशिवाय द्यायचं नाही, आणि मापाला स्वयंपाकघरातला चमचा घ्यायचा नाही.

मेडिकलवाल्याकडून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणून खाऊ नका. व्हायरल तापात त्याने काही होत नाही आणि टायफॉईड असेल तर ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) जंतू सापडायची शक्यता कमी होते. "एक सुई मारा, लगेच उतरू दे" हा आग्रहही सोडा, स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दोन दिवस छान वाटतं आणि आजार आतल्या आत वाढत राहतो.

तपासण्या, दिवसाप्रमाणे

पहिल्या दिवशी सगळं पॅनेल करून पैसे घालवू नका. थंडी वाजून येत असेल तर मलेरियाची स्लाइड किंवा कार्ड टेस्ट पहिल्या दिवशीही करा, निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला तर परत करा. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ टेस्ट पहिल्या पाच दिवसांत, त्यानंतर शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी बघणारी आयजीएम. साधा व्हायरल ताप बहुतेक तीन ते पाच दिवसांत उतरणीला लागतो, तिसरा दिवस संपून चौथा लागला आणि जोर तसाच असेल तर सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि डॉक्टर.

टायफॉईडसाठी करतात त्या व्हायडल नावाच्या रक्ताच्या टेस्टबद्दल मला मनापासून सांगायचंय. तिसऱ्या दिवशी केलेली व्हायडल काही सांगत नाही, आणि पूर्वी टायफॉईड झाला असेल, लस घेतली असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यावर "टायफॉईडची सुरुवात आहे" म्हणून हजारो रुपयांची इंजेक्शनं घेतलेले लोक मी बघते. पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर हीच खरी तपासणी, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी केलेली. आणि टायफॉईडचं बरोबर औषध सुरू झालं तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलू नका.

डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि नेमकं तेव्हाच काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, बीपी खाली जातं. ताप गेल्यावरचे २४ ते ४८ तास पेशंटला एकटं ठेवायचं नाही. पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, पाळी नेहमीपेक्षा जास्त, हातपाय गार, पेशंट अस्वस्थ किंवा झोपाळलेला, उठून बसलं की चक्कर, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल.

सगळे विचारतात "पेशी किती झाल्या?" प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आल्या की नातेवाईक रक्तपेढ्यांना फोन लावायला लागतात. पण रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट सहसा १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय चढवत नाहीत. त्याच रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट म्हणून आकडा असतो, तो वाढत चाललाय का, म्हणजे रक्त घट्ट होतंय का, ते डॉक्टर बघत असतात. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांच्या भरवशावर ॲडमिट व्हायचं लांबवू नका.

थांबायचंच नाही असे ताप

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ आला तर घरी काहीही न करता डॉक्टरकडे, तेही लगेच, मग बाळ हसत-खेळत का असेना. गरोदर बाई, किमोथेरपी चालू असलेला पेशंट, किडनी बदललेला माणूस, यांनाही तोच नियम. म्हाताऱ्या माणसांत मोठ्या इन्फेक्शनमध्येही ताप कमीच दिसतो, त्यांनी अचानक बोलणं कमी केलं, नावं चुकायला लागली, जेवण टाकलं, तर तोच ताप समजा. मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, श्वास जोरात चालणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली, अंगावर लाल-जांभळे ठिपके जे दाबल्यावर जात नाहीत, भ्रम, हे सगळं कितवाही दिवस असला तरी इमर्जन्सी.

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना ताप चढताना झटका येतो, डोळे फिरतात, हातपाय ताठ होतात. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्याने मेंदूला इजा होत नाही. बाळाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर गेला तर हॉस्पिटल, आणि पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी दाखवाच.

ताप गेल्यावर

डेंग्यूनंतर दोन-तीन आठवडे अशक्तपणा राहतो, चिकुनगुन्यानंतर सांधे काही महिने दुखू शकतात, त्यासाठी मनाने स्टेरॉइड घेऊ नका. व्हायवॅक्स मलेरियात ताप तीन दिवसांत जातो पण प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवसांच्या असतात, कारण परजीवी लिव्हरमध्ये लपून बसतो. बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या बंद करणारे खूप आहेत आणि तेच महिन्या-दोन महिन्यांनी परत थंडी वाजत येतात. ही गोळी गरोदर बायकांना आणि जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम) कमी असलेल्यांना चालत नाही, म्हणून डॉक्टरनी लिहून दिली असेल तरच, पण दिली असेल तर चौदाच्या चौदा दिवस, भरल्या पोटी. लघवी चहासारखी काळी झाली तर लगेच थांबवून डॉक्टरकडे जा. आणि पुढच्या काही महिन्यांत परत ताप आला तर स्लाइड पुन्हा करायची आणि आधी मलेरिया झाला होता हे डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचं.